हिरवं बटण

तेजस म्हेत्रे वजनमापे निरीक्षक होता आणि त्याला माणसांची किळस यायची. दुसरी गोष्ट पहिलीतूनच आली होती. मिरजेच्या बाजारपेठेत आता जुना तराजू नावालाही उरला नव्हता. काटे सगळे संगणकी, माल तोलून गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसेही परस्पर कापून घेणारे. पण लबाडी काही जुनी व्हायला तयार नव्हती. एके काळी दुकानदार पारड्याखाली चिंच चिकटवायचे, आता काट्याच्या पोटातला प्रोग्रॅम किलोमागं थोडं थोडं खायला शिकलेला असायचा. तेजस दुकानात शिरला की पहिल्यांदा पारडं रिकामं करायला लावायचा. रिकाम्या पारड्यावर शून्य दिसलं पाहिजे. निम्मे चोर तिथंच सापडायचे. मग ते चहा मागवायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "साहेब, मशीनचं काय सांगता येतंय का?" हे वाक्य ऐकलं की तेजसच्या तोंडाला कडवट पाणी सुटायचं.

हे आधी सांगून ठेवायचं कारण एवढंच, की पुढं जे झालं ते अशा माणसाच्या हातून झालं, हे लक्षात असलेलं बरं.

त्याचा मुलगा निहार तीन वर्षांचा व्हायला आला तरी बोलत नव्हता. हाक मारली तर वळायचा नाही. मिक्सर लागला की कानांवर हात दाबून कोपऱ्यात जाऊन बसायचा. खेळण्यातली गाडी उलटी करून तिची चाकं फिरवत राहायचा, आणि त्यात त्याला जे काही दिसत असेल ते फक्त त्यालाच दिसायचं. कान तपासून झाले, ते उत्तम निघाले. शेवटी तेजस आणि त्याची बायको जुईली त्याला डॉक्टर नीलोफर अत्तार यांच्याकडे घेऊन गेले. बाई मुलांच्या वाढीच्या डॉक्टर. त्यांनी निहारला निरनिराळ्या दिवशी बोलावून बघितलं, त्याच्याशी खेळल्या, आणि मग आडपडदा न ठेवता सांगितलं, "निहार ऑटिस्टिक आहे."

"बरा कधी होईल?" जुईलीने विचारलं.

"हा ताप नाही, उतरायला. त्याचा मेंदू जगाला वेगळ्या तऱ्हेनं घेतो. आवाज, स्पर्श, उजेड आपल्याला जेवढा जाणवतो त्याच्या कितीतरी पट त्याला जाणवतो. तो असाच राहणार आणि असाच मोठा होणार. चांगला मोठा होणार."

"मग आम्ही करायचं काय?" तेजस म्हणाला.

"आधी जमिनीवर बसा. त्याच्याजवळ. काही दिवस त्याला शिकवायला जाऊ नका, तो काय सांगतो ते बघा. बोलत नाही म्हणता, पण आत्ता त्यानं तुमचं बोट धरून तुम्हाला दारापाशी नेलं, ते काय होतं? बाहेर जाऊया असंच म्हणाला ना? प्रत्येक वेळी त्यानं काही सांगितलं की ते तुम्हाला पोचलं, हे त्याला कळू द्या. स्पीच थेरपी सुरू करू, ऑक्युपेशनल थेरपी सुरू करू, चित्रांची कार्डं देऊ, हवं त्याचं कार्ड तो तुमच्या हातात देईल. तुम्ही दोघं आलटून पालटून झोप काढत जा. आणि रातोरात बोलता करून दाखवतो म्हणणारे भेटतील, त्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका."

दोघांनी माना डोलावल्या. गाडीत बसल्यावर जुईली म्हणाली, "एवढंच? जमिनीवर बसा?" तेजसलाही ते मिळमिळीत वाटलं होतं. एवढ्या मोठ्या बातमीवर एवढासा उपाय कसा काय असेल, असं त्याला वाटत होतं.

बातमी फुटली आणि सल्ल्यांचा उकिरडा त्यांच्या दारात येऊन पडला. जुईलीच्या मावशीने गाढविणीचं दूध सुचवलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिना उतरून खास सांगायला आले, की आमच्या काळी असलं काही नव्हतं. तेजसच्या चुलतभावाने जेवता जेवता, बोटांना लागलेलं श्रीखंड चाटत विचारलं, "हे नक्की कुणाच्या बाजूनं आलंय रे?" तेजसच्या आईने, वैशालीताईंनी, तर हुकूमच काढला. "कुणाला काही सांगत बसू नका. घरात अजून पोरांची लग्नं व्हायची हैत." तेजसला त्या दिवसांत जेवण जाईना. माणसं तोंड उघडायची आणि त्याला आतली घाण दिसायची.

अशात मनबोली आली. ती घेऊन श्रिया नावाची मुलगी आली. कंपनी तिला विक्रेती म्हणत नसे, कुटुंबमैत्रीण म्हणे. तिने बाहेर चपला काढल्या, निहारकडे बघून "किती गोड!" म्हणाली आणि पिशवीतून मनबोलीच्या दोन वस्तू काढल्या. मनगटावर बांधायचा मऊ निळा पट्टा, आणि गळ्यात अडकवायचं लिमलेटच्या गोळीएवढं एक लोलक.

"पट्टा नाडी बघतो," ती म्हणाली, "कातडीवरचा घाम बघतो, स्नायूंची बारीक थरथर बघतो. लोलक आजूबाजूला काय चाललंय ते बघतं आणि ऐकतं. दोन्हींचा मेळ घालून मशीन अंदाज करतं, की या घडीला या मुलाला काय म्हणायचं असेल. आणि ते म्हणतं. लहान मुलाच्या आवाजात. तुम्हा दोघांच्या आवाजांवरून तो आवाज आम्ही तयार करतो."

तेजसने आपल्या धंद्यातला प्रश्न विचारला. "अंदाज बरोबर आला की चुकला, हे मशीनला कसं कळतं?"

"अगदी मुद्द्याचं विचारलंत, सर. शरीर फक्त एवढंच सांगतं की आत खळबळ आहे. आनंदानं धडधडणारं काळीज आणि भीतीनं धडधडणारं काळीज, मनगटाला दोन्ही सारखीच लागतात. खळबळ कसली आहे ते मशीनला कुणीतरी सांगावं लागतं. आणि आईवडिलांइतकं मुलाला कोण ओळखणार?" तिने फोनवर दोन बटणं दाखवली. "वाक्य पटलं तर हिरवं दाबा, नाही पटलं तर लाल. हिरव्या वाक्यांसारखी वाक्यं वाढत जातात, लाल गळत जातात. बघता बघता ते तुमच्या निहारसारखं बोलायला लागतं."

एखाद्या दुकानदाराने "साहेब, काटा बरोबर आहे की नाही ते मीच बटण दाबून ठरवतो" असं सांगितलं असतं, तर तेजसने जागच्या जागी त्याच्या काट्याला सील ठोकलं असतं. इथं त्याने विचारलं, "पट्टा आंघोळीच्या वेळी काढायचा का?"

सुरुवातीला मशीन फार थोडं बोललं. वैशालीताईंनी नातवाला मांडीवर घेऊन गच्च आवळलं, तर लोलकातून आलं, "सोडा." वैशालीताई दुखावल्या. "आज्जीला सोडा म्हणतंय व्हय हे?" जुईलीने घाईघाईने लाल दाबलं. चुलतभावाची पोरं आली, घर दणाणलं, लोलक म्हणालं, "आवाज." लाल. ट्यूबलाइट लावली तर "दिवा नको." लाल. केस कापताना "नको", मावशीने गालगुच्चा घेतला तर "नको". तेजसने वैतागून श्रियाला फोन केला. नको-नको म्हणायला एवढं मशीन कशाला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. ती म्हणाली, "दाबत राहा, सर."

मग एका सकाळी जुईली निहारचे केस विंचरत असताना लोलक म्हणालं, "आई."

कंगवा तिच्या हातातून पडला. तिने हिरव्या बटणावर अंगठा ठेवला तो उचललाच नाही. तेजस न्हाणीघरात गेला, नळ सोडला आणि पोटभर रडला. तो रडला यात खोटं काहीच नव्हतं.

तिथून पुढं मशीनला कंठ फुटला. "आई, तू दमलीस का?" "बाबा, आज ऑफिसला जाऊ नका ना." "आज्जी, तुझ्या हातची खीर मला आवडते." निहार आपला गाडीच्या चाकाकडे बघत असायचा आणि त्याच्या छातीवर लोलक गोड गोड बोलत असायचं. कुणाला सांगू नका म्हणणाऱ्या वैशालीताई आता गल्लीतून बायका गोळा करून आणू लागल्या. "बोलालंय की पोरगं! ये, बस हितं, इचार त्याला काय पाहिजे ते." बाई समोर बसायची. "माझं नाव काय रे, सोन्या?" लोलकाने नाव दारातच ऐकलेलं असायचं. ते नाव सांगायचं, बाई टाळ्या पिटायची आणि निहारच्या गालाचा मुका घेऊन तोंड पुसत उठायची. तो ओला गाल निहार खांद्याला घासत राहायचा. गंमत म्हणजे तेजसला किळस यायची ती त्या बाईच्या थुंकीची, आणि ती किळस तेवढ्यावरच थांबायची.

एका शाळेने प्रवेश दिला. मनबोलीतून आलेलं बोलणं हे मुलाचंच बोलणं धरायचं, असं शाळांनी एव्हाना ठरवून टाकलं होतं. थेरपीला जाणं मागं पडलं. डॉक्टर अत्तारांकडून फोन आला तेव्हा जुईलीने उत्साहाने सांगितलं, की आता गरज नाही, निहार बोलतो. "तो बोलतो, की त्याच्या गळ्यातलं बोलतं?" पलीकडून बाईंनी विचारलं. जुईलीने फोन ठेवला आणि त्या बाईला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही, असं ती दिवसभर म्हणत राहिली.

आणखी एक गोष्ट झाली. तहान लागली की निहार तेजसचं बोट धरून त्याला माठापाशी न्यायचा. आता बोट धरलं की लोलक म्हणायचं, "बाबा, चला खेळूया!" तेजस खूश होऊन चेंडू काढायचा. निहार बोट ओढायचा, तेजस चेंडू टाकायचा. काही दिवसांनी निहारने बोट धरणं सोडून दिलं. तेजसच्या ते ध्यानात आलं. पोरगं शहाणं झालं, आता ओढाताण करत नाही, असं त्याने कौतुकाने आईला सांगितलं.

संक्रांत झाली आणि वैशालीताईंनी बोरन्हाणाचं काढलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलांना काळे कपडे घालून, हलव्याचे दागिने चढवून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे तुकडे, गोळ्या ओततात. पाच वर्षांच्या आतल्याच मुलाचं करायचं. निहारच्या रडण्यापायी आधीच्या खेपा टळल्या होत्या. "आता सगळं बोलतंय, कळतंय त्याला," त्या म्हणाल्या. "मग माझी हौस का मारताय?"

हळदीकुंकवाला बायका आल्या, त्यांच्याबरोबर त्यांची पोरं आली, खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. निहारला काळा झब्बा घातला. डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, दंडांवर बाजूबंद. हलवा चांगला काटेरी झाला होता आणि त्याबद्दल वैशालीताईंचं कौतुक चाललं होतं. निहारने दोन्ही मुठी आवळल्या होत्या. "आज्जी, मी राजा दिसतो का?" लोलक म्हणालं. बायका खिदळल्या. तेजस फोन धरून समोर उभा राहून चित्रीकरण करत होता.

पहिली ओंजळ डोक्यावर पडली. बोरं कपाळावरून, मानेवरून झब्ब्यात उतरली. निहार लाकडासारखा ताठ झाला.

"मज्जा!" लोलक म्हणालं. "अजून टाका!"

"बघा, बघा!" वैशालीताईंनी अख्खं भांडं उपडं केलं. खाली बसलेली पोरं बोरांवर तुटून पडली, त्याच्या मांड्यांखाली हात घालून गोळ्या ओढू लागली. निहारचं तोंड उघडलं, पण त्यातून आवाज आला नाही. मग त्याने स्वतःचं मनगट तोंडात घातलं, निळ्या पट्ट्याच्या जरा वर, आणि दात रुतवले.

"अजून! अजून टाका, आज्जी!"

तेजस हे फोनच्या पडद्यावर बघत होता म्हणूनच कदाचित त्याला दिसलं. पडद्यावर एक मूल होतं. त्याच्या तोंडात त्याचंच मनगट गच्च होतं, आणि ते अगदी शुद्ध, स्पष्ट उच्चारात "अजून टाका" म्हणत होतं. खोलीभर बायका होत्या, सगळ्या त्याच्याचकडे बघत होत्या आणि एकीलाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मनगटातून रक्त येऊन पांढऱ्या हलव्यावर उतरलं, हलवा गुलाबी झाला. कुणीतरी म्हणालं, "अगंबाई, लाड किती करून घेतंय!"

त्याने फोन टाकला, पोरांना बाजूला सारत पाटापाशी पोचला आणि निहारला उचललं. निहारने त्याला लाथा मारल्या, त्याच्या छातीवर डोकं आपटलं. "बाबांनी मला उचललं! किती छान!" लोलक म्हणालं.

"अरे, राहू दे की!" वैशालीताई मागून ओरडत होत्या. "अजून म्हणालंय की ते!"

सोमवारी तेजसने चार्जिंग बिघडल्याचं सांगून पट्टा आणि लोलक ऑफिसात नेलं. प्रमाणित वजनांची खोली त्याच्याच ताब्यात होती. मखमलीच्या खाचांत पितळी वजनं बसवलेली, खिडक्या बंद, वाऱ्याने काटा हलू नये म्हणून पंखाही नाही. त्याने दार लावून घेतलं. पारड्यातून पोरगं तर आता काढलेलं होतं. त्याने पट्टा स्वतःच्या मनगटावर बांधला, लोलक गळ्यात घातलं आणि गप्प बसून राहिला.

"बाबा," त्याच्या छातीवरून निहारचा आवाज आला, "तुम्ही कुठे आहात? लवकर घरी या ना."

तेजसच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याने ओठ घट्ट मिटले. काळीज धडधडायला लागलं, तळहात घामेजले, आणि पट्ट्याने ते इमानदारीने टिपलं.

"मज्जा येतेय, बाबा! अजून! अजून!"

तो कसाबसा बेसिनपाशी पोचला आणि ओकला. सकाळचं सगळं बाहेर पडलं, मग नुसतं पित्त. लोलक गळ्यातून पुढं येऊन बेसिनवर लोंबकळत होतं, त्याच्यावरही शिंतोडे उडाले होते. "बाबा," ते म्हणालं, "मला तुम्ही खूप आवडता."

चूळ भरून त्याने आरशात बघितलं. असली तोंडं त्याने बाजारपेठेत शेकड्याने बघितली होती. त्याला सुरुवातीचे दिवस आठवले. सोडा. आवाज. दिवा नको. नको. मशीनला अजून कुणी शिकवलेलं नव्हतं तेव्हा त्याने जे साधेसुधे अंदाज केले, त्यातले बरेचसे खरे असणार. पोरगं चार शब्द बोललं होतं आणि आईबाप दोघांनी आळीपाळीने, बोट दुखेपर्यंत, ते चारही शब्द लाल करून टाकले होते.

श्रियाला फोन लावला तेव्हा ती जराही गडबडली नाही. "सर, शब्द त्याचेच आहेत असं आम्ही कुठं म्हटलंय? सुचवलेली वाक्यं म्हणतो आम्ही. आणि खरं सांगा, तुमचा ताण कमी झाला की नाही? घरात आनंद आला की नाही?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "हवं तर पहिल्यासारखं करून देते. पण पालकांना नाही आवडत. नको-नकोच करत बसतं."

त्याने फोन तोडला. पहिल्यासारखं करून घेतलं तरी बटणावरचं बोट आपलंच असणार, आणि त्या बोटावर त्याचा आता काडीचा विश्वास नव्हता.

घरी आला तेव्हा जुईली निहारच्या मनगटावरची पट्टी बदलत होती. तेजसने लोलक तिच्यासमोर ठेवलं आणि ऑफिसात काय झालं ते सगळं सांगितलं. ओकल्याचंही सांगितलं. तिने पट्टीची गाठ मारली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"निहार एकदा गाढ झोपला होता दुपारचा. मी पांघरूण घालायला वाकले तर ते म्हणालं, आई, मी तुझीच वाट बघत होतो. घोरत होता रे तो. तेव्हाच कळलं."

"आणि तू बोलली नाहीस? जुई, परवा रक्त येत होतं त्याच्या हातातून, आणि ते अजून-अजून म्हणत होतं. तरी तू गप्प होतीस?"

"हो, होते गप्प!" ती एकदम उसळली. "तू दिवसभर बाहेर असतोस. तू बस ना त्याच्यासमोर. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत बस. एकदा आई म्हणेल, एकदा माझ्याकडे बघेल म्हणून वाट बघ, आणि मग मला विचार. माझी मलाच शिसारी येते रे, तेजस. रोज येते. पण सकाळी हाक ऐकली की मी विसरते."

तेजसला बायकोची किळस आली. ती पुरती येऊन पोचायच्या आतच स्वतःची आली, आणि मग कुणाची जास्त हे ठरवण्यात काही अर्थ राहिला नाही.

जुईलीने लोलक उचललं. पट्टा तिच्या बोटांभोवती गुंडाळलेला होता, त्याला तिची नाडी लागली असावी. "आई," ते म्हणालं, "मला सोडू नकोस ना." ती तशीच उठली, न्हाणीघरात गेली आणि भरलेल्या बादलीत ते सोडलं. पाण्याखालूनही ते काहीतरी बोलत होतं. ते थांबेपर्यंत ती दारात उभी राहिली.

घर मुकं झालं. वैशालीताईंनी डोक्याला हात लावला. "चांगलं बोलणारं पोरगं मुकं केलंसा दोघांनी मिळून," त्या म्हणाल्या, आणि गल्लीभर तेच सांगत सुटल्या. बायका आता जुईलीला बघितलं की कुजबुजत. मूल बोलत होतं, आईबापाला बघवलं नाही. शाळेतून निरोप आला, की मनबोलीशिवाय कसं जमायचं. तेजसने वरिष्ठांकडे रीतसर तक्रार केली, तर साहेब हसले. "म्हेत्रे, साखर मोजा, डाळ मोजा. माया मोजायचं मशीन आपल्या कायद्यात बसत नाही." तेजसने कागद परत घेतला नाही, तिथंच ठेवून आला.

ते पुन्हा डॉक्टर अत्तारांकडे गेले. बाईंनी आधीचं काही उकरून काढलं नाही. निहारचं मनगट बघितलं, त्याच्यासाठी खोलीतला दिवा मालवला.

"आता तो काहीच सांगत नाही," तेजस म्हणाला. "बोटसुद्धा धरत नाही."

"सांगून कुणी ऐकलं नाही, म्हणून सोडलं असेल."

"परत सांगेल?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही जमिनीवर बसायला सुरुवात करा."

ते बसले. जुईली दिवसा, तेजस संध्याकाळी. फरशीवर बसून पाठ धरायची. निहार त्यांच्याकडे पाठ करून बसायचा. थेरपी पुन्हा सुरू झाली, चित्रांची कार्डं आली. ती निहार रंगांप्रमाणे लावून ठेवायचा, त्यातलं एकही कुणाला द्यायचा नाही. माठापाशी एकटाच उभा राहायचा, आणि ते दिसलं की ते पाणी द्यायचे. तो प्यायचा आणि निघून जायचा. आठवड्यांमागून आठवडे असेच गेले. एकदा जुईली स्वयंपाकघरात एकटीच "आई" असं हळूच म्हणताना तेजसने ऐकलं. तो पाय न वाजवता मागं फिरला.

एका रविवारी दुपारी तेजस बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होता. आतल्या खोलीत जुईली निहारसमोर बसली होती. तिने केव्हातरी गुणगुणायला सुरुवात केली होती. आत हालचाल झाली म्हणून तेजसने वर बघितलं.

निहार उभा राहिला होता. त्याने दोन्ही तळहात जुईलीच्या खांद्यांवर ठेवले आणि ढकललं. तिला तो खेळ वाटला, ती हसली आणि त्याला कवेत घ्यायला हात पसरले. निहारने आणखी जोराने ढकललं. मग त्याने दाराकडे बघितलं, आणि दारावरून नजर काढून तिच्याकडे बघितलं. सरळ तिच्या डोळ्यांत. पुन्हा दाराकडे. जुईलीचं हसू गेलं. ती उठली. तो ढकलत होता आणि ती पावलापावलाने मागं सरकत होती, उंबरा ओलांडून बाहेर येईपर्यंत. निहारने दोन्ही हातांनी दार ओढलं आणि तिच्या तोंडावर लावून घेतलं.

तेजस धावत आला. जुईली बंद दारासमोर उभी होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं.

"काय झालं?"

"मला म्हणाला, जा."

सवयीने तेजसचा हात कडीकडे गेला. जुईलीने तो मनगटापाशी धरला.

"उघडू नकोस," ती म्हणाली. "त्यानं सांगितलंय ना."

तेजसने हात खाली घेतला. मग दोघंही तिथंच, दाराबाहेर, फरशीवर बसली.